बॉनेटवरची जागा

आमच्या घरात बस आली तेव्हा ती अंगणात मावेना. तोंड आमच्या ओटीला आणि शेपूट गल्लीत, अशी ती उभी राहायची, आणि शेजाऱ्यांना सायकल काढायची तर आमच्या न्हाणीला वळसा घालून जावं लागे. कुणी कुरकुर केली नाही. गावात ट्रक एक-दोघांकडे होते, पण बस आमचीच पहिली. नवं शहर वसवायला सरकारनं जमिनी घेतल्या, मिठागरं बुजवली, आणि भरपाईच्या पैशातून कुणी माडी बांधली, कुणी पोरींची लग्नं उरकली, कुणी काय केलं ते न सांगितलेलंच बरं. बाबांनी बस घेतली, तीही जुनी. ते आधी पनवेलच्या एका मालकाकडे ट्रक चालवत, त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो बराचसा खराही होता. आई मात्र पहिल्याच दिवशी बसभोवती फिरून आली आणि म्हणाली, "लोक म्हातारी म्हैस घेत नाय, तुमी म्हातारी गाडी आनलीत." बाबा हसले आणि तिच्याकडून नारळ घेऊन तो फोडायला त्यांनी हिराआत्याच्या हातात दिला.

हिराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा बाबा रांगत होते म्हणे, आणि त्यांना आत्यानंच कडेवर वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा मोरा बंदरातल्या बोटीवर कामाला होता, तो वारला, आणि ती परत आमच्याकडे आली ती कायमची. बाबा तिला 'बाय' म्हणत आणि गावभर तिचा दरारा होता. पहाटे खाडीवर जाऊन गावच्या होड्यांची मासळी घ्यायची, बर्फ टाकून पाटी भरायची आणि वाशीच्या मार्केटच्या कोपऱ्यावर बसून विकायची, हा तिचा धंदा. तिथे नव्या फ्लॅटांमधल्या बायका यायच्या. त्यांना बोंबील कसा कापायचा, कोलंबीचा दोरा कसा काढायचा हे आत्या रागावत रागावत शिकवायची, आणि त्या बायका रागावून घ्यायला पुन्हा तिच्याकडेच यायच्या.

बसचं इंजिन आत होतं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आणि त्यावर मोठं लोखंडी झाकण. त्याला सगळे बॉनेट म्हणत. इंजिन तापलं की ते झाकण छान ऊबदार होई. नारळ फोडून झाल्यावर बाबांनी त्यावर गोणपाटाची चौपदरी घडी घातली आणि आत्याला म्हणाले, "बाय, तू हितं बस. तुज्या गुडघ्यांना शेक बसंल." तेव्हापासून ती जागा तिची. पहाटे रिकामी बस गावातून वाशीला निघायची, तेव्हा आत्या पाटीसकट बॉनेटवर आणि मी तिच्या मागच्या सीटवर, कॉलेजला. मग बाबा सेक्टर-सेक्टरमधून कंपनीचा स्टाफ गोळा करून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सोडायचे. संध्याकाळी तोच स्टाफ घेऊन परत यायचे, कॉलेजवरून मला आणि मार्केटच्या कोपऱ्यावर आत्याला घ्यायचे, आणि सगळ्यांना घरोघरी उतरवत गावाला यायचे. संध्याकाळच्या त्या फेरीत आत्याचा दुसरा बाजार भरायचा. स्टाफमध्ये कोकणातले बरेच होते. "आत्या, उरलंय काय?" असं कुणी विचारलं की ती पाटीवरचं फडकं बाजूला करायची. देसाई नावाचे एक अकाउंटवाले होते, ते मांदेलीसाठी घरून डबाच घेऊन यायचे. खिडकीशी बसून नाक रुमालात धरणारे एक जोशीही होते, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त खिडकी उघडी ठेवली, अगदी पावसातसुद्धा.

आज खांदेश्वरला चौथ्या मजल्यावर मी हे लिहिते आहे, खाली सोसायटीच्या वॉचमननं रेडिओ लावला आहे, आणि मला त्या घरातले आवाज स्वच्छ ऐकू येतात. आईचा भाकरी थापण्याचा आवाज, तांदळाची भाकरी, पाण्यातल्या पिठाची, परातीवर थप थप थप. पाट्यावर वाटणाचं खरखरणं. लांबच्या कारखान्याचा भोंगा, ज्यावर आम्ही घड्याळ लावायचो. आणि सगळ्यांत वर, अंगणात गुरगुरणारी बस. थंडीत ती तापेपर्यंत बाबा उगाच रेस करायचे आणि ओटीवरची भांडी वाजायची. आई सुक्या जवळ्याची चटणी करायची, त्याचा वास आणि डिझेलचा वास एकत्र आला की मला अजून भूक लागते. माझ्या सुनेला हे सांगितलं तेव्हा तिनं नवऱ्याकडे बघितलेलं मी बघितलं.

दर शनिवारी बसची पूजा असे. लिंबू-मिरची बदलायची, उदबत्ती ओवाळायची, आणि मग बाबांची परीक्षा व्हायची. परीक्षा म्हणजे डायनमोची. डायनमो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, वीज तयार करतो आणि बॅटरी भरत ठेवतो. तो नीट चालतो की नाही हे बघायची एक युक्ती बाबांना त्यांच्या पनवेलच्या उस्तादानं शिकवली होती. इंजिन चालू ठेवायचं, दिवे लावायचे, आणि पान्यानं बॅटरीचा पोल, म्हणजे तिच्यावर आवळलेलं तारेचं टोक, ढिला करून चक्क काढून टाकायचा. दिवे लागलेलेच राहिले तर डायनमो जिवंत. विझले तर मेला. ही परीक्षा बघायला गल्लीतली पोरंच काय, मोठी माणसंही जमायची. बाबा तार उचलून हवेत धरायचे, दिवे जळतच राहायचे, आणि बाबा सगळ्यांकडे बघून फक्त भुवई उडवायचे. शेजारचे दोन ट्रकवाले मुद्दाम त्यांना बोलवून आपल्या गाड्यांचीही परीक्षा करून घ्यायचे. मला तेव्हा बाबांचा फार अभिमान वाटायचा. खरं तर अजूनही वाटतो.

आमच्या बसला डायनमो नव्हता, अल्टरनेटर होता. आधीच्या मालकानं तो नव्यानं बसवून घेतला होता. पण काम तेच, जागा तीच, पट्टाही तसाच, म्हणून आम्ही त्याला डायनमोच म्हणायचो. आतून तो वेगळा आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पावसाळा संपता संपता बस सकाळी उठेनाशी झाली. बटण दाबलं की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप्प. गावात उतार होता, तिथे ढकलून काम भागायचं, पण बाबांना वाशीत चहाला थांबायची सवय. एका सकाळी त्यांनी सगळा स्टाफ भरल्यावर टपरीसमोर इंजिन बंद केलं, आणि ते काही पुन्हा सुरू होईना. मग काय, इस्त्रीचे शर्ट घातलेले सगळे बाबू खाली उतरले, डबे सीटवर ठेवले आणि लागले बस ढकलायला. जोशींनी रुमाल कमरेला बांधला. "नारायणराव, आमच्या सोसायटीत व्यायामशाळा नाही, तेवढी सोय तुमी केलीत," देसाई म्हणाले. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. कंपनीतल्या गाड्या बघणाऱ्या साहेबांनी त्यांना त्याच दिवशी बोलवून सांगितलं की लोक उशिरा येऊन चालणार नाही, दुसरा गाडीवाला दारात उभाच आहे.

तुर्भ्याला पत्र्याच्या शेडमध्ये सावंत मिस्त्री बसायचे, गाड्यांच्या विजेचं काम करणारे. ते आले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "पोरी, तुझा हात बारीक आहे. खाली घाल बघू." अल्टरनेटर इतका खाली आणि इतक्या अडचणीत होता की बाबांचा, पोरवयात मिठागरात मीठ ओढून ओढून रुंद झालेला पंजा तिथे पोचायचाच नाही. तेव्हापासून ते काम माझं झालं. मी बारावी सायन्सला होते आणि पुस्तकातलं चुंबकत्व मला कळलं होतं असं मला वाटायचं, पण ते खरं कळलं सावंतांच्या स्क्रू ड्रायव्हरनं. इंजिन चालू ठेवून त्यांनी तो अल्टरनेटरच्या पाठीमागे नेला आणि तो खटकन चिकटला. "बघ, आतलं चुंबक जिवंत आहे. म्हणजे वीज तयार व्हायला हरकत नाही. तरी बॅटरीला पोचत नाही. म्हणजे मधेच कुठेतरी मेलाय." मग त्यांनी आत टॉर्च मारला. अल्टरनेटरवर आणि त्याच्या तारांवर हिरवट-पांढरी पुटं चढली होती. त्यांनी बोटानं ती खरवडली आणि वास घेतला. "मासळीचं पाणी. बॉनेटच्या फटीतून थेंब थेंब पडतंय. खारं पाणी लोखंड खातं, ह्याला कसं सोडेल?"

हे ऐकून बाबांनी टॉर्च घेतला आणि स्वतः वाकून बघितलं. त्यात खोटं काही नव्हतं, पुटं सगळ्यांना दिसत होती. सावंतांनी दुसरा, दुरुस्त केलेला अल्टरनेटर दिला, आम्ही तो बसवला, आणि त्याच संध्याकाळी मार्केटच्या कोपऱ्यावर आत्या नेहमीसारखी पुढच्या दारानं चढली तेव्हा बाबा भरल्या गाडीत तिला म्हणाले, "बाय, उद्यापासून तू मागं बस. तुज्या पाटीचा पानी थेंब थेंब डायनम्यावर परतो. त्यानंच तो मेला." त्यांनी ते वाईट आवाजात म्हटलं नव्हतं. पण सगळा स्टाफ ऐकत होता. आत्यानं पाटी उचलली, गोणपाटाची घडी काढून नीट बाबांच्या सीटमागे ठेवली आणि खाली उतरली. "माज्या पाटीनं तुजी गाडी बुरत असंल तं मी गाडीतच कनाला बसू?" एवढंच बोलून ती चालायला लागली. बाबांनी दोनदा हाक मारली. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा त्यांना बस काढावी लागली. मी खिडकीतून बघत राहिले, ती मागे वळली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्या पायी जायला लागली. बुजवायच्या राहिलेल्या मिठागराच्या बांधावरून, डोक्यावर भरली पाटी घेऊन, बस निघायच्या आधी. आईनं समजावलं, मी पाया पडले, शेजारणी येऊन गेल्या. तिचं उत्तर ठरलेलं, "मना चालायची सवय हाय." गुडघ्यांना ती रात्री एरंडेल लावायची आणि दार लावून घ्यायची, म्हणजे आम्हाला दिसू नये. घरात भांडण असं नव्हतंच. ती बाबांना जेवायला वाढायची, त्यांच्या आवडीचं वालाचं बिरडंही करायची. फक्त त्यांच्याशी बोलायची नाही. "सुमे, तुज्या बापाला इचार, भात हवा का." बाबा शेजारीच बसलेले. "सांग तिला, वाईच वाढ," बाबा म्हणायचे, आणि मी दोन हातांच्या अंतरावरून निरोप पोचवायचे. आधी मला हसू यायचं. मग येईनासं झालं. बाबांचं जेवण कमी झालं होतं आणि शनिवारच्या परीक्षेला ते भुवई उडवायचं विसरत. संध्याकाळी बसमध्येही कसं तरीच वाटे. देसाई रिकामा डबा घरून आणायचे आणि रिकामाच घेऊन जायचे.

आणि मग बस पुन्हा सकाळी उठली नाही. आत्यानं तोवर महिनाभर गाडीला पाय लावला नव्हता. मी हात घालून तारा चाचपल्या, स्वच्छ होत्या, टॉर्चमध्ये तर चकाकत होत्या. त्या संध्याकाळी आत्यानं एकही टोमणा मारला नाही, कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, आणि बाबांना तेच जास्त लागलं. ते म्हणत राहिले की मीठ एकदा शिरलं की शिरलं, ते वायरिंगमध्ये आतून चढलं असणार. पण तसं म्हणताना ते कुणाकडेच बघत नव्हते. उस्तादाची परीक्षा तर हा अल्टरनेटर गेल्याच शनिवारी पास झाला होता, दिवे चांगले जळत राहिले होते. मग मधल्या दिवसांत झालं काय? त्यांना ते कोडं सुटत नव्हतं आणि कंपनीच्या साहेबांचा निरोप आला होता की आता शेवटचं सांभाळून घेतो.

बाबा भाड्याची बस बघायला गेले आणि अल्टरनेटर घेऊन मी एकटी तुर्भ्याला गेले. गावच्या एका टेम्पोत तो मांडीवर घेऊन बसले होते, ओढणीला काळे डाग पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. सावंतांनी त्याचं मागचं झाकण उघडलं. आत बटणाएवढे काही तुकडे होते, त्यांना ते डायोड म्हणाले. एका बल्बला दोन तारा जोडून ते एकेक डायोड तपासत गेले. तार एका बाजूनं लावली की बल्ब लागायला हवा, उलटी लावली की लागता कामा नये. तीन डायोड दोन्हीकडून लागत होते. "हे गेले," ते म्हणाले आणि डोकं खाजवायला लागले. "पण इथे तर मिठाचा कणही नाही."

"मग डायोड कशानं जातात?" मी विचारलं.

"उलटी बॅटरी जोडली तर. गाडीला वेल्डिंग केलं तर. नायतर चालू इंजिनाला बॅटरी काढली तर."

मी म्हटलं, "बॅटरी काढली तर काय होतं?"

"नळाखालची बादली काढलीस तर काय होईल? पाणी चहूकडे उडेल ना? ही वीज तयार होते ती बॅटरी पिते. तीच काढून घेतली की एकदम उसळी मारते आणि डायोड फुटतात. एखाद्या वेळी वाचतातही, नशीब. कधी दिवे जळत राहतात, पण डायोड अधू होतात आणि दोन दिवसांनी जातात. डायनमोला चालायचं ते. जुने ड्रायव्हर सगळे तसंच करायचे, मीपण केलंय. ह्याला चालत नाही." मग ते थांबले आणि माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "कोण करतं?"

मी ओढणीवरचे डाग पुसायला लागले, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पहिल्या वेळी आपण नुसती पुटं बघून घाईनं बोललो, तोही असाच गेला असणार, असं मात्र ते स्वतःहून म्हणाले, आणि नवे डायोड बसवून देताना बरोबर आपला व्होल्टमीटरही दिला. "पोल काढून बघू नका. हा बॅटरीला लावा. काटा सत्तावीसच्या पुढे गेला की समजा चार्जिंग होतंय."

परत येताना टेम्पोत मी एकच विचार करत होते, की हे बाबांना कसं सांगायचं. गप्प राहता आलं असतं. मीटर आणलाय, आता ह्यानं बघू, एवढंच म्हणायचं आणि बाकीचं मासळीच्या पाण्यावर सोडून द्यायचं. बस चालली असती, कंपनी टिकली असती. पण आत्या बांधावरून चालत राहिली असती, जन्मभर, आपल्या पाटीनं भावाची गाडी बुडवली असं मानत. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याच वेळी बाबांचा तो हवेत तार धरलेला हात, आणि भोवती उभी राहिलेली माणसं, हेही डोळ्यांपुढून जात नव्हतं. गाव आलं तरी माझं काही ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर आम्ही दोघं तो बसवायला बसलो. त्या सकाळची फेरी भाड्याच्या बसवर सोपवली होती. अल्टरनेटर काढताना तारा कुठल्या कुठे जातात ते विसरू नये म्हणून मी त्यांना आईच्या शिवणाच्या पेटीतले रंगीत दोरे बांधले होते, तांबडा, हिरवा, पिवळा. आता त्याच दोऱ्यांवरून जोडत गेले. बाबा वरून पाने द्यायचे आणि मी खालून आवळायचे. पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून बघितला, अर्धा इंच दबला तेव्हा बाबा म्हणाले, "बास, आता जास्त ताणू नको." कामात आमचं नेहमी छान जमायचं. आईनं चहा आणून दिला, तो आम्ही बॉनेटच्या कडेवरच प्यायलो. मग बाबांनी इंजिन सुरू केलं, डॅशवरचा तांबडा दिवा विझला, आणि पुढचे दिवे लावून ते पाना घेऊन सवयीनं सरळ बॅटरीकडे गेले.

मी धावत गेले आणि पोलवर हात ठेवला. "बाबा, हे काढू नका."

"सर बाजूला, बघू दे. डायनमो जिता हाय का बघतो."

"ह्यानंच मरतो तो. सावंत मिस्त्री म्हणाले. डायनमोला चालतं, ह्याला नाही चालत. आतले डायोड फुटतात." मी भराभर सगळं सांगून टाकलं, नळ आणि बादलीसकट. बोलताना माझा हात पोलवरच होता.

बाबांचा चेहरा लाल झाला. "माज्या उस्तादानं शिकवलाय हा. पनवेलात त्यांच्याएवढा माहीतगार मानूस नव्हता."

"उस्तादांच्या वेळेला हा नव्हता, बाबा. असता तर त्यांनीच सांगितलं असतं."

मी व्होल्टमीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. काटा चढला, सत्तावीसच्या पुढे जाऊन थांबला. बाबांनी स्वतः जाऊन रेस केली, परत आले, वाकून बघितलं. काटा तिथेच होता. त्यांनी पाना खाली ठेवला आणि बसच्या पायरीवर बसले. इंजिन चालूच होतं. मग ते म्हणाले, "मंग बायनं काय केला व्हता?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले, ग्रीससकट. मी बाबांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आई ओटीवरून सगळं ऐकत होती. ती रिकामे कप घेऊन आत गेली. मला वाटलं, आता बाबा घरी बसून आत्याची वाट बघतील, संध्याकाळी तिला आतल्या खोलीत बोलावून सांगतील. ते उठले आणि म्हणाले, "मीटर घे. आज गाडीत माज्या बाजूला बस. काट्यावर नजर ठेव."

त्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि दिवसभर मीटर मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. हल्लीच्या गाड्यांमध्ये सगळं डॅशवर आकड्यांत दिसतं. माझा मुलगा त्याकडे बघतसुद्धा नाही. मी पुढे नोकरीभर कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांच्या हाती व्होल्टमीटर दिले, पण त्या काट्याकडे मी जितकं बघितलं तितकं पुन्हा कुठल्याही काट्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी कंपनी सुटली, स्टाफ चढला, आणि पहिल्याच खेपेला गाडी बटणावर सुरू झाली तेव्हा मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "चला, व्यायाम सुटला," देसाई म्हणाले. बाबांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष पुढे रस्त्यावर होतं.

मार्केटच्या कोपऱ्यावर आत्या दिसली. पाटी काखेत, पदर खोचलेला, ती गावाच्या रस्त्याला लागली होती आणि बस दिसताच तिनं नेहमीसारखं तोंड दुसरीकडे केलं. बाबांनी तिच्या पुढे जाऊन बस उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरले. सगळी डोकी खिडक्यांत आली. जोशीसुद्धा उठून उभे राहिले.

"बाय, थांब. मना बोलायचा हाय."

"घरी बोल," आत्या म्हणाली. महिन्याभरात तिनं त्यांच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

"घरी नाय. तुला बोललो ता सगल्यांसमोर बोललो. आता पन सगल्यांसमोरच बोलतो." बाबांचा आवाज मोठा होता, रस्त्यावर बोलायला लागतो तसा, आणि मग मधेच बारीक झाला. "तुज्या पाटीनं काय झाला नाय. दोनी डायनमो मीच मारले, माज्या हातानं. पोल कारून कारून. तुजा काय पन दोष नव्हता."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मार्केटमधून एक हातगाडीवाला आला, वाट मिळेना म्हणून थांबला, आणि काय चाललंय ते बघून ओरडायचं विसरला. मला वाटलं ती आता तोंड सोडेल. तिला शिव्या चांगल्या येत होत्या. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ल्हानपनी तू खोटा बोललास का मी तुला मारायची, नाऱ्या. खरा बोललास तं काय करायचा, ता मना कोनी शिकवलाच नाय."

बसमध्ये कुणी हसलं नाही. बाबांनी पुढे होऊन तिच्या काखेतली पाटी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. आमच्याकडे बाप्या माणूस मासळीची पाटी डोक्यावर घेत नाही. होडी ओढेल, जाळं वाहील, मिठाच्या गोणी पाठीवर घेईल, पण पाटी बाईची. खाकी शर्टातले बाबा, बसचे मालक, अख्ख्या स्टाफच्या आणि अख्ख्या मार्केटच्या समोर ती डोक्यावर घेऊन बसकडे चालायला लागले. त्यांना तिचा तोल काही सांभाळता येत नव्हता. आत्या मागून आली, तिनं एक हात वर करून पाटीला आधार दिला आणि म्हणाली, "मान सरल ठेव रं. खाली बगू नको."